रत्नमालाचं व्हायोलिन

त्या दुपारी प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा मी तिच्या सासूवर, रत्नमालावर, चिडून बसले होते. तीन वाजता येते म्हणाली होती. चहा उकळून गाळून ठेवला, तो निवला, पुन्हा गरम केला, त्यावर साय धरली, तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. आमच्या मंडळाच्या बाया जमल्या, बसल्या, कंटाळल्या आणि पोरं शाळेतून यायची वेळ झाली म्हणत उठूनही गेल्या. म्हणून फोनवर सुनेचं नाव दिसताच मी तिला बोलूच दिलं नाही. "तुह्या सासूले सांग, आता चहा उद्याच भेटीन," असं एका दमात म्हणून टाकलं. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा घरी या. आई जेवून पडल्या होत्या... उठूनच नाई राह्यल्या." मी चपला न घालताच गेले. आमच्या दोन घरांमध्ये जेमतेम एक गल्ली आहे. रत्नमाला कुशीवर झोपली होती, डावा हात उशीखाली. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं, म्हणाले.

त्याला आता महिना-दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारात माणूस मावत नव्हता. अमडापुरातल्या निम्म्या तरुण पोरांना तिनं अंगणवाडीत धरून बसवलेलं, त्यामुळे ती सगळी आली. भाषणं झाली. आदर्श सेविका, प्रेमळ माता, गोड गळ्याची गायिका, सगळं म्हणून झालं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण तिच्या शेवटच्या काही वर्षांबद्दल, त्या व्हायोलिनबद्दल, कुणी चकार शब्द काढला नाही. बहुतेकांना ते म्हातारपणीचं खूळ वाटलं असावं. मला ते तसं सोडून द्यायचं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीत आलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, ती अंगणवाडीत. विहारातली वंदना असो, जयंतीची मिरवणूक असो, लग्नाघरची गाणी असोत, पुढे ती आणि मागे आम्ही. पण तिचं खरं राज्य बारशाला असायचं. बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, ती रीत आमच्याकडेही आहेच. पण आमच्या वस्तीत ते नाव पक्कं व्हायचं ते रत्नमालाच्या पाळण्यात. पाळणा तिनंच रचलेला होता. त्याच्या शेवटच्या ओळीत नावापुरती जागा सोडलेली होती. तिथं आली की आम्ही सगळ्या गप्प बसायचो, ती एकटी ते नाव घ्यायची, सावकाश, लांबवून, आणि मग आम्ही उचलायचो. म्हाताऱ्या बाया उशिरा आल्या तर दारातूनच विचारायच्या, "रत्नानं नाव घेतलं काय?" एकदा ती तापानं फणफणली होती म्हणून बारसं तिच्याविना उरकलं, तर त्या पोराच्या आजीनं पुढच्या आठवड्यात पोराला तिच्या दारात नेऊन पाळणा पुन्हा म्हणून घेतला. तोवर घरात त्याला बाळूच म्हणत होते. तिचा आवाज फार उंच जायचा नाही, पण ऐकणाऱ्याला थंडीत चुलीपाशी बसल्यासारखं वाटायचं. माझा आवाज वर्गात हजेरी घ्यायच्या कामाचा. मी तिच्या मागे म्हणायची आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की आवाजाची नस तिथंच असते, तिला धक्का लागू शकतो. गाठ काढणं भाग होतं. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले, आणि दोन-तीन महिन्यांनी कळून चुकलं की आवाज काही परत येत नाही. उरली ती एक खरखर, चुरगळलेल्या कागदासारखी. घरात ती तेवढ्यावर भागवायची, बाहेर मानेनं बोलायची. अंगणवाडीची नोकरी संपतच आली होती, ती तिनं थोडी आधीच सोडली. बारशाला मात्र यायची, आणि आली की घुगऱ्यांच्या पातेल्याशी जाऊन बसायची. "रत्ना, इकडं ये न वं," कुणी म्हटलं की हातातला डाव दाखवायची, म्हणजे काम आहे. कुणीतरी पाळणा म्हणायलाच हवा, म्हणून मी म्हणू लागले. माझ्या तोंडून तो हजेरी घेतल्यासारखाच निघायचा. नाव घ्यायची वेळ आली की माझं लक्ष दाराबाहेर त्या पातेल्याकडे जायचं. तिची पाठ दिसायची. तिला काय होत असेल ते मला कळत होतं, आणि त्यावर करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. माणसाचा हात मोडला तर आपण त्याचं पाणी भरतो, पण आवाज गेला तर काय भरून देणार?

चिखलीला माझ्या भाचीचं लग्न होतं. तिथं गाण्याचा कार्यक्रम ठेवलेला, आणि गाणाऱ्या मुलीच्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ व्हायोलिन वाजवत होते. जेवणाच्या पंगती उठल्या, नवरानवरी निघायला आली, तरी रत्नमाला खुर्चीवरून हलेना. ताटातली वांग्याची भाजी तशीच गार झालेली. मी ओढायला गेले तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "तो बुढा पाह्य. ते पोरगी म्हनते आन तो तिच्या मांगं मांगं म्हनून राह्यला. त्याच्यात शब्द नाई, पन सारं समजते." मी म्हटलं, "हाव, वाजवनारा हाय तो." तर म्हणे, "वाजवून नाई राह्यला वं. म्हनून राह्यला." तेवढं बोलून ती सरळ मंचाकडे चालती झाली. ज्या बाईनं वर्षभर परक्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती त्या म्हाताऱ्याला खरखरत्या आवाजात विचारत होती, मला शिकवता का. ते शब्बीर मास्तर. चिखलीतच राहायचे, दोन-चार मुलांना शिकवायचे. त्यांनी तिच्या गळ्यावरची खूण पाहिली, पांढरे केस पाहिले आणि म्हणाले, "बहनजी, हे लहानपनी सुरू करा लागते. पन तुमचा कान पाहू." त्यांनी एक सूर वाजवला आणि नंतर तोच किंचित उतरवून वाजवला. तिनं लगेच नाक मुरडलं. मास्तर हसले आणि म्हणाले, इतवारी या.

दर रविवारी सकाळच्या एसटीनं ती चिखलीला जाऊ लागली, पहिले काही रविवार मला सोबत घेऊन. मुलानं तिला व्हायोलिन आणून दिलं होतं. थंडीचे दिवस होते, तर बाई व्हायोलिनची पेटी मांडीवर आडवी घेऊन वरून शाल पांघरून बसायची, गार हवेनं तारा उतरतात असं मास्तरांनी सांगितलं होतं ना. एकदा गाडीत गर्दी होती, आणि एक बाई उठून तिला म्हणाली, "बसा माय तुम्ही, लेकरू हाय तुमच्यापाशी." रत्नमाला बसली. चिखली येईपर्यंत शालीवरून थापटत राहिली, चेहऱ्यावरची रेष हलू न देता. मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत होते.

शिकणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. नव्या माणसाच्या हातात व्हायोलिन काय आवाज काढतं ते ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. गज तारेवरून सरळ ओढायचा म्हटला की तिरपा जायचा, जोर दिला की किंचाळायचा, हलका धरला की नुसता घरंगळायचा. कितीतरी दिवस मास्तरांनी तिला डाव्या हाताचं बोट तारेला लावूच दिलं नाही. मोकळ्या तारेवर नुसता गज वर आणि खाली. घरी तिच्या नवऱ्यानं, आमच्या भाऊजींनी, कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुश्याची, खोली रिकामी करून दिली. पोती भिंतीला लावून ठेवली की आवाज बाहेर कमी जातो, हा शोध त्यांचाच. वर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सोयाबीन पेरू दे, मंग इले वावरातच नेतो. डुकरं अमडापुरात राह्यनार नाईत." ती आतून ऐकायची आणि मुद्दाम आणखी जोरात ओढायची. पण एकदा मी गेले तेव्हा गज मांडीवर ठेवून नुसतीच बसली होती. म्हणाली, "कुसुम, ज्याले सूर समजत नाई ना, त्याचं बरं हाय. तो काई बी वाजवते आन खुश राह्यते. मी बोट ठेवते, आन ठेवता ठेवताच मले कळते का चुकलं." आयुष्यभर जी सगळ्यांच्या पुढे म्हणत आली, तिला साठीजवळ येऊन पहिलीच्या वर्गात बसावं लागलं होतं, आणि स्वतःचीच मास्तरीण होऊन स्वतःला नापास करावं लागत होतं. मी शिक्षिका होते, मला त्या वर्गाची किंमत माहीत आहे. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तो बोलून दाखवला. ती म्हणाली, चहा टाक.

ती टिकली याचं कारण मला नंतर कळलं. तिचे गुडघे दुखायचे, मांडी घालून बसणं जमेना, म्हणून मास्तरांनी तिला खुर्चीवर बसवून व्हायोलिन हनुवटीखाली धरायला शिकवलं. त्याचं लाकूड टेकायचं गळ्याच्या हाडाला, ऑपरेशनच्या खुणेच्या अगदी शेजारी. एकदा तिनं मला खुर्चीवर बसवलं, ते माझ्या खांद्यावर ठेवलं आणि स्वतः गज ओढला. माझ्या गळ्यात काहीतरी थरथरलं. "आलं?" तिनं विचारलं. "गातानी अस्संच होत होतं मले, याच जागी." मी मान हलवली. तिला वर्षभर जे मिळालं नव्हतं ते त्या लाकडातून तिथं पोचत होतं.

प्रतीक्षाला दिवस गेले तेव्हा रत्नमालाला तीन-चार स्वर ठीक यायला लागले होते. तिनं ठरवून टाकलं, नातवंडाच्या बारशाला पाळणा तीच वाजवणार. मास्तर म्हणाले, होईल, रोज बसलात तर होईल. पाळण्याची चाल सोपी, पाच स्वरांत बसणारी. ती पहाटे भाकरी टाकायच्या आधी बसायची, दुपारी बसायची. मला वाटतं त्या बारशासाठी ती जेवढी जपत होती तेवढं तिनं स्वतःच्या ऑपरेशनलाही जपलं नसेल. आणि नेमका तेव्हाच आम्ही तो पराक्रम केला.

झालं असं की सूनबाईला सातवा महिना लागला होता आणि त्या दिवशी रत्नमाला तिचं डोकं माखून देत होती. मी बाजूला गवारीच्या शेंगा मोडत होते. सुनेचं झालं, वाटीत खोबरेल उरलं. रत्नमालाची नजर गजाकडे गेली. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, हे मास्तरांनी सांगितलेलं. ते कोरडे ठाक, आणि त्यांच्यातून पांढरी भुकटी व्हायोलिनवर झडलेली. "पाह्य वं," ती म्हणाली, "कसा कोंडा झाला याले. म्हून खरखरते." मलाही ते शंभर टक्के पटलं. केस म्हटले की तेल, यात विचार करण्यासारखं काय आहे? तिनं आधी ओल्या फडक्यानं तो कोंडा पुसून काढला, मग बोटाच्या टोकानं, मुळापासून टोकापर्यंत, एकेका बटेला तेल लावलं. उरलेलं दोन्ही तळव्यांनी जिरवलं. गज असा चमकायला लागला की बघत राहावं. सकाळी ती वाजवायला बसली तर तारेतून हूं नाही की चूं नाही. गज तारेवरून नुसता सटकत होता.

शब्बीर मास्तर आधी गजाकडे बघत राहिले, मग त्यांनी तो नाकाशी नेला. खोबरेलाचा वास आल्यावर ते हसायला लागले, ते खोकला लागेपर्यंत. ती भुकटी राळेची होती, दर रविवारी मास्तर स्वतःच ती गजाला घासून द्यायचे आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. राळ घासल्याशिवाय गज तारेला धरतच नाही, आणि तेल लागलेले केस पुन्हा कधी राळ धरत नाहीत. सगळे केस काढून नवे भरावे लागणार. "ते काम इथं कोनी करत नाही, नागपूरले पाठवा लागन," मास्तर म्हणाले. रत्नमालाच्या तोंडावरचा रंगच उडाला. मुलानं फोनवरून दुसरा गज मागवला, तो वाकडा निघाला, परत गेला. मास्तरांचा एकच गज, आणि लग्नसराई सुरू. नागपूरचा माणूस आज देतो उद्या देतो करत राहिला. प्रतीक्षा बाळंतपणाला माहेरी, धाड गावी, गेली, मुलगी झाल्याचा निरोप आला, बारशाची तारीख धरली गेली, तरी गज नागपुरातच. त्या दिवसांत कुटाराच्या खोलीत शिरलं की एक विचित्र दृश्य दिसायचं. रत्नमाला व्हायोलिन हनुवटीखाली धरून बसलेली, उजवा हात मांडीवर रिकामा, आणि डाव्या हाताची बोटं तारांवर पाळणा म्हणतायत. आवाज काहीच नाही. तिचे ओठ तेवढे हलायचे. भाऊजींनी तेव्हा डुकरांचं नाव काढलं नाही. उलट एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुसुमताई, नाई जमलं तं ते पुन्हा वाजवनार नाई. मी ओळखतो तिले."

गज आला तो बारशाला चारच दिवस उरलेले असताना. तिचा हात पुन्हा पहिल्या दिवसावर गेलेला. आम्ही पाच-सहा बाया जीपनं धाडला गेलो. जीपमध्ये सगळ्या बडबडत होत्या, ती एकटी मांडीवरच्या पेटीच्या झाकणावर बोटं चालवत होती. व्याह्यांच्या घरी माणसं दाटलेली. वंदना झाली, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मला खूण झाली. मी पहिली ओळ उचलली, बाया मागे आल्या. व्हायोलिन आमच्यासोबत यायला हवं होतं, आलं नाही. तिनं गज उचललेला होता, पण बोटं अजून स्वर शोधत होती. ओळ संपली. आता खरं तर मी दुसरी घ्यायला हवी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला ती घेववेना. मी थांबले, म्हणून मागच्याही थांबल्या. धाडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या... आणि मग ती ओळ आली. बारीक, अडखळत, एक स्वर थोडा खाली लागलेला, तो तिनं बोट सरकवून वर नेला. पण ओळ अख्खी आली. मग आम्ही दुसरी म्हटली आणि पुन्हा थांबलो. असाच तो पूर्ण पाळणा झाला, एक आमची, एक तिची. शेवटच्या ओळीत नावाची जागा आली. इतक्या बारशांत त्या जागी बाळाचं नाव मी घेत आले होते, त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. तिनं नावाचे स्वर वाजवले. मग व्हायोलिन हनुवटीखालून काढून मांडीवर घेतलं, आणि त्या खरखरीत आवाजात, सगळ्यांसमोर, लांबवून म्हणाली, "मैत्री..." विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला तशी मी नजर फिरवली, कारण मला अजून गायचं होतं. परतताना जीपमध्ये ती माझ्या कानाशी म्हणाली, "मधला ग खाली लागला." मी म्हटलं, "कोनाले कळलं?" "मले," ती म्हणाली.

त्यानंतर ती घुगऱ्यांच्या पातेल्याशी कधी बसली नाही. वस्तीतल्या प्रत्येक बारशाला वाजवलं, नाव तिनंच घेतलं, आणि त्या आवाजात घेतलेलं नावसुद्धा लोकांना पक्कं वाटू लागलं. हळूहळू हात बसला. पुढे पुढे तर ती आमच्यासोबत सहज वाजवू शकली असती. पण आम्हाला थांबायची अशी सवय लागली होती की काही केल्या सुटेना. ती वैतागायची. "आता काऊन थांबता वं? मले येते आता," म्हणायची. हाव म्हणून आम्ही सुरुवात करायचो आणि ओळ संपली की पुन्हा गप्प. शेवटी तिनंच नाद सोडला.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत बारसं झालं. ती गेल्यावरचं पहिलं. मी जाणार नव्हते, पण प्रतीक्षा मैत्रीला कडेवर घेऊन मला न्यायलाच आली. आम्ही नेहमीच्या बाया बसलो. मी पहिली ओळ उचलली, मागून सगळ्यांनी म्हटली, आणि ओळ संपल्यावर आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्यात काही ठरलं नव्हतं. बाळाची आई नवी, लग्न होऊन आलेली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बिचारी संकोचून म्हणाली, "मावशी, पुढचं आठवून नाई राह्यलं काय?" आमच्यातल्या सगळ्यात वडील शांताबाई तिला हातानं थांबवत म्हणाल्या, "आठवते माय, आठवते. रत्नाचं होऊ दे, मंग म्हनतो."

आम्ही तिचं होऊ दिलं, आणि मग मी दुसरी ओळ उचलली.